बोरमाळच्या एकतीस मुलांची यादी

सांगली, ९ ऑगस्ट १९९५

भार्गवी,

पत्र कामाचं आहे, म्हणून इकडच्या तिकडच्या चौकशा करत नाही. तुझा मेढ्याचा पत्ता प्रकल्पाच्या ऑफिसातल्या कारकुनाकडून मिळाला, विनोदिनीबाईंना विचारलं नाही. तू तिथे बालवाडीच्या सेविकांना शिकवतेस एवढं कळलं.

मला एक कागद हवा आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आपण दोघींनी कवठे महांकाळच्या पुढे, बोरमाळच्या बालवाडीत एकतीस मुलांच्या चाचण्या घेतल्या. त्यातली क्रमांक १९, वैजंता, वय पाच वर्षं दोन महिने. तिची चाचणी पहिल्या दिवशी तू घेतलीस. ती नियमाप्रमाणे झाली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा घेतली आणि तुझा कागद रद्द झाला. मूळ प्रत पुण्याला पाठवताना गठ्ठ्यातून काढली गेली. पण तू कार्बन घालून दुसरी प्रत ठेवायचीस, हे मला आठवतं. ती असेल तर पोस्टाने पाठव. मूळ नको असेल द्यायची तर झेरॉक्स चालेल.

मला फक्त एकूण गुण आणि ठोकण्याच्या खेळातले गुण हवे आहेत.

प्रियदर्शनी


सांगली, ३१ ऑगस्ट १९९५

भार्गवी,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. कारण न सांगता कागद मागणं बरोबर नव्हतं. सांगते.

जुलैत मी आठही गावांतून पहिलीचे निकाल गोळा केले. बालवाडीतल्या आपल्या गुणांवरून पहिलीतली प्रगती कितपत ओळखता येते, एवढंच पाहायचं होतं. काहीच जुळत नसेल तर शून्य, तंतोतंत जुळलं तर एक. सात गावांचे आकडे ०.३१ ते ०.४४ च्या मध्ये पडले. बोरमाळचा ०.७९ आला. विनोदिनीबाईंनी तो कागद टेबलावर समोर ठेवून घेतला. म्हणाल्या, "गरिबाघरच्या मुलांची विचार करण्याची तयारी पाच वर्षांच्या आत घडते आणि पुढची शाळा तिच्यावर उभी राहते, याचा इतका स्वच्छ पुरावा माझ्या नोकरीत मी पाहिला नाही. प्रियदर्शनी, हे तुमचं काम आहे."

मी आकडेमोड तीनदा तपासली. आकडेमोड बरोबर होती. मग मी शाळेत गेले.

तू शाळा पाहिलेली नाहीस. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी लालासाहेब गुरुजींकडे आहे. पन्नाशीचे, वेळेवर येणारे, मुलांना न मारणारे. वर्गात मुलं दोन रांगांत बसली होती, एक फळ्याजवळच्या भिंतीला, दुसरी दाराशी. भिंतीची रांग धडा वाचत होती. दाराची रांग पाटीवर 'ग' गिरवत होती. मी होते तो पूर्ण तास ती रांग 'ग'च गिरवत होती. वैजंता तिथे होती. हजेरीपटावर तिचं नाव दुसरीत आहे, बसते मात्र पहिलीच्या मुलांत. सहा वर्षं आठ महिने वय. मांडीवर वर्षाची बहीण घेऊन, बहिणीच्या डोक्यावरून हात पुढे काढून ती गिरवत होती. वळणदार 'ग' होता.

गुरुजींनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाले, "बाई, तुमच्या त्या ठोकळ्यांची कमाल हाय बगा. एक पोरगं इकडचं तिकडं झालं न्हाई. तुमी जे लिवून दिलं, वर्सानं त्येच निकालात आलं."

आणि हजेरीपटाच्या पुठ्ठ्यातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. एकतीस नावं, नावापुढे चाळीसपैकी गुण, आणि अठराच्या खाली आडवी रेघ. रेघेखाली बारा नावं. अक्षर माझं होतं.

भार्गवी, यादी मी दिली होती. ९४ च्या जूनमध्ये, मुलं पहिलीत बसली त्या आठवड्यात. त्यांनी मागितली नव्हती. "पोरं कशी हायती?" एवढंच विचारलं होतं. मी "बरी आहेत" म्हणाले असते तर संपलं असतं. मला "बरी" हा शब्द ढिला वाटला. मी टेबलापाशी बसून यादी उतरवली. मग त्यांनी विचारलं, "यात कुटवर बरी म्हनायची?" तेव्हा पट्टी घेऊन रेघ मारली. एकेका मुलाचे गुण शाळेला कळवायचे नाहीत, हा नियमावलीतला सातवा नियम. नियमावली मीच टाइप केली होती.

वैजंताचे गुण तेरा आहेत. ठोकण्याच्या खेळात सोळापैकी शून्य. तुझ्या कागदावर ते शून्य नव्हतं, हे मला माहीत आहे. किती होतं, ते आठवत नाही.

दिवाळी झाली की तिचे आईवडील ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर जाणार आहेत. गेल्या वर्षी तिला मागे ठेवलं होतं. या वर्षी तान्ही सांभाळायला नेणार. एकदा नेली की ती शाळेत परत यायची नाही, हे गुरुजी स्वतःच म्हणाले. वाईट वाटून म्हणाले. पुढे म्हणाले, "तशी बी तिच्या डोक्यात फारसं न्हाई, तुमाला तर ठावं हाय."

कागद असेल तर कृपा करून पाठव.

प्रियदर्शनी


सांगली, १९ सप्टेंबर १९९५

भार्गवी,

तुझं कार्ड मिळालं. तीन वाक्यं आहेत, तिन्हींना उत्तर देते.

"कार्बनच्या प्रती मी बंबात घातल्या." समजलं. मी असते तर मीही ठेवल्या नसत्या. मूळ प्रतीबद्दल मी "काढली गेली" असं लिहिलं होतं. ती मी फाडली.

"वैजंताचं शून्य का आलं ते रंगुबाईंना विचार." विचारलं. खाली लिहिते.

"माझी तक्रार कुणी केली होती?" मी केली होती. पान दीड. चाचणी घेणाऱ्याने खेळ स्वतः खेळवायचा असताना तू तो दुसऱ्या लहान मुलीच्या हातात दिलास. सूचना ठरल्या शब्दांत वाचली नाहीस. मुलीला हसू दिलंस. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. जे लिहिलं नाही तेही खरं होतं. महिनाभर आपण एकाच एस.टी.ने जात होतो. प्रत्येक गावात मुलं तुझ्या ओच्याला धरून यायची आणि माझ्यासमोर बसली की हाताची घडी घालायची. विनोदिनीबाई तुला काढून टाकतील असं मला वाटलं नव्हतं. हे मी बचाव म्हणून लिहीत नाही. मी अंदाज केला आणि तो चुकला, एवढंच.

आता रंगुबाई. तू गेल्यापासून त्यांची बालवाडी देवळाच्या ओवरीतून ग्रामपंचायतीच्या खोलीत गेली आहे. मी गेले तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या आणि वीस मुलं समोर बसून रिकाम्या जमिनीवरून तांदूळ निवडत होती. त्यांनी खडा फेकला की सगळ्यांनी फेकायचा.

मी विचारलं, "रंगुबाई, तुमच्या बारा मुलांना ठोकण्याचा खेळ का जमला नाही?"

"कंचा खेळ?"

मी लाकडी ठोकळा काढला. पेन्सिलीने एकदा ठोकलं. "मी एकदा ठोकलं की मुलानं दोनदा ठोकायचं. मी दोनदा ठोकलं की त्यानं एकदा. स्वतःला आवरून उलट करता येतं का, ते यात कळतं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "आवं बाई, तुमी इतक्या शिकलेल्या. मी ह्या पोरांना दोन वर्सं दुसरं काय शिकीवलंय? बाई करंल तसं करायचं. बाईनं हात जोडलं, जोडायचं. बाईनं टाळी वाजीवली, वाजवायची. आन तुमी शहरातनं आलेल्या, माज्यापरीस मोट्या बाई, समोर बसून म्हनता बाई करंल त्येच्या उलटं कर! शान्या पोरांनी तुमी केलं तसंच केलं. बाईला कोन उलटं उत्तर करतंय व्हय?"

"पण मी सूचना दिली होती. तीनदा."

"तोंडानं दिली. हातानं तुमी निराळंच करून दावत हुता. पोरं हात बगत्यात." मग त्या हसायला लागल्या. "तुमच्या त्या यादीत वर कोन हाय सांगू? सुताराचा दगडू, पाटलाची लाडी, जंबूचा बाळू. समदी वात्रट. दिवसभर माजी नक्कल करत्यात. त्यांना उलटं कर म्हनल्यावर लाडूच गावला."

मी यादी मनात आणून पाहिली. तिन्ही नावं पहिल्या पाचात आहेत.

"आणि भार्गवीने काय केलं होतं?"

"त्या बाई भिताडाकडं तोंड करून बसल्या. ठोकायला वैजंताच्या आयच्या जावंची चार वर्सांची पोर बसीवली. वैजंताला म्हनल्या, ही चुकतीया, हिच्या उलटं करून हिला फसव. धाकटीला फसवायला काय, खिदळत ठोकलं तिनं."

त्यांनी वैजंताला हाक मारली. शाळा सुटली होती. बालवाडीतल्या एका पोरीच्या हातात पेन्सिल दिली. वैजंताने सोळापैकी सोळा वेळा उलट ठोकलं. मी तिथे नव्हतेच, अशी ती ठोकत होती. मी वहीत काही लिहिलं नाही. या वयाला ते बहुतेक मुलांना जमतं. त्याने आज काहीच सिद्ध होत नाही.

मी शून्य नीट मोजलं होतं. सोळाच्या सोळा वेळा तिने माझ्यासारखंच ठोकलं होतं, एकदाही न चुकता. तेव्हाच थांबायला हवं होतं. ज्या मुलाला काही कळत नाही त्याच्या हातून दोन-चार तरी चुकून बरोबर येतात. इतकं अचूक शून्य समजूनच काढावं लागतं. हे मला शिकवलेलं आहे. परीक्षेत मी हे लिहिलेलं आहे.

प्रियदर्शनी


सांगली, १२ ऑक्टोबर १९९५

भार्गवी,

तू उत्तर दिलं नाहीस तरी लिहिते. सांगायला दुसरं कुणी नाही असं नाही. पण दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधीचं सगळं सांगावं लागेल.

काल हरणाबाईंच्या घरी गेले. वैजंताची आई. पंचविशीच्या असतील. कोयत्याला धार लावून आणायला नवरा कवठ्याला गेला होता. त्या अंगणात गोधडीला टाके घालत होत्या. मला बसायला पोतं दिलं.

मी म्हणाले, "वैजंताला नेऊ नका. ती हुशार आहे."

"कोन म्हनतंय?"

"मी म्हणते. तिची चाचणी मी घेतली होती. ती चुकीची घेतली."

त्यांनी टाका ओढून घेतला. "तवा गुरुजींनी मला बोलवून कागुद दावला. रेघंच्या खालचं नाव दावलं. म्हनलं, हरणाबाई, पुण्याच्या बायांनी मोजून लिवलंय, मी मनचं सांगत न्हाई. मला वाचाय येत न्हाई. पर रेघ दिसती की. तवा लिवून दिलं तुमी, आन आता तोंडानं सांगताय."

"आताही लिहून देते."

"मग त्यातलं खरं कंचं धरायचं?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगायला अर्धा तास लागला असता आणि अर्ध्या तासाने ते उत्तर वाटलं नसतं.

त्या म्हणाल्या, "मी रागानं न्हाई बोलत, बाई. ही पोर घरात मला कायबी इचारती. चंद्र आपल्यासंगं का चालतुया, बैल रडला तर त्येला कळतंय का. मला वाटायचं, ही लय डोक्याची निगल. मग कागुद बगितला. म्हनलं, आपल्याला काय कळतंय? आयांना आपलं पोरगं शानंच वाटतंय. तवापास्नं ती इचारती तवा मी म्हनते, गप बस."

भार्गवी, मी हे वाक्य घरी येऊन लिहून ठेवलं. संशोधनाच्या वहीत नाही.

मी उठताना त्या म्हणाल्या, "ठिवायची म्हनलं तर ठिवू कुनाकडं? गेल्या साली सासू हुती. ती गेली. तुमी न्हेता काय सांगलीला?"

मी चपला घातल्या. त्यांना ते अपेक्षित होतं.

प्रियदर्शनी


सांगली, ३० ऑक्टोबर १९९५

भार्गवी,

क्रमाने लिहिते.

१६ तारखेला विनोदिनीबाईंना सगळं सांगितलं. यादी, रेघ, ठोकण्याचा खेळ, तुझा कागद आणि तक्रारीत न लिहिलेलं कारणही. बोरमाळचा ०.७९ हा मुलांचा आकडा नाही, माझ्या यादीचा आहे, असं म्हणाले. गुरुजींनी बारा जणांना दाराशी बसवलं आणि वर्षभर 'ग' गिरवायला लावलं, तर वर्षाअखेर त्यांना 'ग'च येणार.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बोरमाळ वगळू. सात गावं पुरतात. तळटीप लिहा, प्रशासकीय कारणाने."

मी विचारलं, "आणि बाकीच्या सात गावांतही मुलांनी बाईंसारखंच ठोकलं असेल तर?"

"प्रियदर्शनी, या अहवालावर बालवाड्या चालू राहणार आहेत. तुम्हाला त्या बंद पाडायच्या आहेत का?"

नाही, मला त्या बंद पाडायच्या नाहीत. मी तळटीप लिहिली. तुझ्याबद्दल त्यांनी एवढंच विचारलं की तू आता कुठे असतेस.

१८ ला गुरुजींकडे गेले. कागद लिहूनच नेला होता: "बोरमाळच्या एकतीस मुलांची चाचणी मी या मुलांना लागू न पडणाऱ्या पद्धतीने घेतली. सोबतच्या यादीवरून कोणत्याही मुलाच्या बुद्धीविषयी काहीही ठरत नाही." खाली सही आणि तारीख.

गुरुजींनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "म्हंजे ही बारा पोरं हुशार हायती?"

"मला माहीत नाही."

"मग वरची एकोनीस ढ हायती?"

"तेही माहीत नाही."

"आवं, मग वैजंताचा खरा आकडा किती, त्येवढं तरी सांगा. मी खोडून दुसरा लिवतो. हातानं लिवतो, तुमी सही करा." त्यांनी खरंच पेन उघडलं होतं.

खोटा आकडा तेव्हा माझ्या तोंडात आला होता. सत्तावीस. कुठून आला ते माहीत नाही, कदाचित तुझ्या कागदावरचाच असेल. तो दिला असता तर त्याच दिवशी ती भिंतीच्या रांगेत बसली असती. त्यांचा आकड्यावर विश्वास आहे. तो मीच त्यांना दिला आहे.

मी म्हणाले, "आकडा नाही."

"आकडा न्हाई तर हितं काय लिवू?"

"मोकळं ठेवा."

ते माझ्याकडे पाहत राहिले. दुखावल्यासारखे. मी दिलं नसतं तर त्यांनी मागितलं नसतं, आणि आता दिलेलं परत घेते आहे. शेवटी त्यांनी वैजंताच्या तेरावर काट मारली. बाकीच्या तीस आकड्यांना हात लावला नाही. मी यादी परत मागितली. म्हणाले, "न्या की. पर मी ती पाठ केलीया."

टोळी २७ ला हलली. मी आदल्या दिवशी मुद्दाम गेले. वैजंताला ठेवून घ्यायचं रंगुबाईंनी कबूल केलं होतं. मी सुचवलं नव्हतं. त्यांनीच हरणाबाईंना जाऊन सांगितलं होतं, "पोरीला माज्याकडं ठेव. माज्या चुलीला एक भाकरी जड न्हाई." नवरा तयार नव्हता. तान्हीला कोण बघणार, हा त्याचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. हरणाबाई म्हणाल्या, "मी पाटीला बांधून न्हेते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ठिवते. तुमच्या कागदामुळं न्हाई, रंगूमावशीमुळं. आन एक सांगते, हिचा आकडा परत काडायचा न्हाई. तुमी न्हाई, दुसऱ्या कुनी न्हाई."

मी म्हणाले, "नाही काढणार."

"लिवून देऊ नका," त्या म्हणाल्या. "नुसतं सांगा."

रेघेखालच्या बारांपैकी चौघं २७ ला गाडीत बसून गेली. त्यांची नावं मला माहीत आहेत. त्यांच्या आयांकडे मी गेले नव्हते. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण वेळ होता. वैजंताचं शून्य माझ्या डोळ्यांपुढे होतं, त्या चौघांचे सात, अकरा, अकरा आणि सोळा नव्हते.

प्रियदर्शनी


कुपवाड, २३ जून १९९६

भार्गवी,

तुझं पाकीट मिळालं. मेढ्याच्या बालवाडीत तू तो खेळ मुलांनाच एकमेकांसमोर बसवून खेळवतेस हे वाचलं. गुण लिहीत नाहीस हेही वाचलं. मला रागावून लिहिलेला मजकूर दोनदा वाचला. त्यात चूक काही सापडली नाही.

मार्चपासून मी इथे औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. पंपाचे दांडे मोजते. एका मिलिमीटरचा शंभरावा भाग धरायचा असतो. दांड्याला आपण मोजले गेलो हे कळत नाही, त्यामुळे मोजल्यावर तो तेवढाच राहतो. काम मला जमतं.

गेल्या रविवारी बोरमाळला गेले होते. विनोदिनीबाईंचं काम नव्हतं. गेलेल्या चौघांपैकी दोघंच परत आली आहेत. उरलेल्या दोघांची नावं अजून हजेरीपटावर आहेत. लालासाहेब गुरुजींनी वैजंताला दिवाळीनंतरच भिंतीच्या रांगेत घेतलं होतं. वाचते, थोडं अडखळून. हरणाबाई आल्या आहेत, पण तान्ही चालायला लागली तरी वैजंता अजून बरीचशी रंगुबाईंकडेच असते.

रंगुबाईंच्या दारात ती भेटली. वाढली आहे. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तुमी आकडा काडनाऱ्या बाई न्हवं?"

"होते. आता नाही."

"दगडूचा चौतीस हाय. लाडीचा तेहतीस. संगीचा सोळा." तिला सगळ्यांचे पाठ होते. गुरुजींकडून ऐकून वर्गात सगळ्यांनाच आहेत, असं कळलं. भांडण झालं की एकमेकांना तेच आकडे ऐकवतात. "माज्यावरच काट मारलीया. माजा किती?"

मी तिच्या आईला शब्द दिला होता. तो नसता तरीही माझ्याकडे आकडा नव्हता. म्हणाले, "मला माहीत नाही, वैजंता."

तिने मान तिरकी करून विचार केला. मला पटेल असं काही उत्तर ती शोधते आहे, असं वाटलं. मग तिचा चेहरा उजळला. माझी अडचण सुटावी म्हणून समजुतीने म्हणाली, "असू द्या. गुरुजींना इचारते. त्यांना ठावं असंल."

आणि ती शाळेकडे पळाली. रविवार होता, हे तिच्या लक्षात नव्हतं. मी तिला हाक मारली नाही.

प्रियदर्शनी